इंजिनाला पाणी पाजणारं नळकांडं

दिल्लीत चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडलं. त्याच्या आवारात आभाळाखाली उभी असलेली वाफेची इंजिनं बघायला येणारे लोक ठरावीक जागी थबकतात. पटियाळा संस्थानची एकरुळी गाडी, बंगाल-नागपूर रेल्वेचं दोन तोंडांचं अजस्र गॅरेट इंजिन, गोल नाकाचं डब्ल्यूपी जातीचं इंजिन, आणि मराठी माणूस असेल तर माथेरानचं ठेंगणं इंजिन. फोटो निघतात ते चाकांचे, धुराड्याचे, शिट्टीचे. ड्रायव्हर उभा राहतो त्या फूटप्लेटच्या पायरीजवळ तीन-चार नळ्यांच्या गुंत्यात एक हातभर लांबीचं गनमेटलचं नळकांडं असतं, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. त्याचं नाव इंजेक्टर. वाफेच्या इंजिनातली सगळ्यात चक्रावणारी कल्पना त्याच्या पोटात आहे आणि या लेखाचा बहुतेक ऐवज त्यानेच खाल्ला आहे.

अडचण काय आहे ते आधी पाहू. डब्ल्यूपी इंजिनाच्या बॉयलरात चौरस सेंटिमीटरला १४.८ किलो दाब असे. टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातलं पाणी मात्र साध्या हवेच्या दाबाखाली. इंजिन धावतं तशी बॉयलरातल्या पाण्याची वाफ होत जाते आणि धुराड्यातून उडून जाते, म्हणजे वाटेतच नवं पाणी आत घालत राहायला हवं. शिट्ट्या मारणाऱ्या कुकरमध्ये झाकण न उघडता तांब्याभर पाणी ओतायचं झालं तर काय कराल? घरच्या कुकरचा दाब जेमतेम १ किलो असतो. इथे त्याच्या जवळपास पंधरापट.

पहिलं सुचलेलं उत्तर म्हणजे पंप. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं काय, किंवा लीड्समध्ये १८५५ साली बनलेली ईस्ट इंडियन रेल्वेची 'फेअरी क्वीन' काय, सगळी पंपाच्या जमान्यातली. त्या काळी पंपाचा दांडा इंजिनाच्या हलणाऱ्या भागांना जोडलेला असे. चाकं फिरली तरच पंप चालणार. गाडी सिग्नलला किंवा स्टेशनात तासभर अडकली की आग पेटलेली, वाफ सुटते आहे, पाणी उतरतं आहे, आणि पंप ढिम्म. मग डबे सोडवून नुसतं इंजिन यार्डात पुढे-मागे पळवायचं, कशासाठी, तर त्याला पाणी पाजण्यासाठी! शिवाय पंपाची व्हॉल्व्हं कचऱ्याने अडकत, पॅकिंग गळे, युरोपातल्या थंडीत नळ्या गोठत.

१८५८ साली आंरी जिफार या फ्रेंच इंजिनिअरने इंजेक्टरचं पेटंट घेतलं. हा तोच गृहस्थ, ज्याने १८५२ साली पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर चालणारं हवाई जहाज उडवलं होतं. त्याच्या इंजेक्टरात दट्ट्या नाही, चाक नाही, दांडा नाही. बॉयलरातलीच वाफ एका नळीने बाहेर काढायची, तिच्यात टेंडरचं गार पाणी मिसळायचं आणि ते मिश्रण त्याच बॉयलरात परत घुसवायचं. ज्या दाबाने वाफ बाहेर आली, त्याच दाबाला हरवून ती पाण्यासकट आत जाते. ऐकताना ही शुद्ध बनवाबनवी वाटते. तरी ते चालतं, आणि का चालतं ते शाळेतल्या भौतिकशास्त्राने सांगता येतं.

आत एका ओळीत तीन शंकू बसवलेले असतात: वाफेचा, मिश्रणाचा आणि पुरवठ्याचा. पहिल्या शंकूतून वाफ सुटते. सुमारे १४.५ बार (म्हणजे वरच्या १४.८ किलोइतक्याच) दाबाची वाफ हवेच्या दाबापर्यंत मोकळी झाली, तर हिशेबाने तिचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर जातो. हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या अडीचपटीहून जास्त. आता त्याच बॉयलराला त्याच दाबाखाली भोक पाडून पाण्याची धार बाहेर काढली, असं समजा. गार पाण्याची घनता धरली तर तिचा वेग येतो सेकंदाला अवघा ५४ मीटर. दाब तोच, पण वाफ हलकी म्हणून ती सुसाट सुटते, पाणी जड म्हणून रखडतं. सगळी मेख या फरकात आहे.

उलट बाजूने बघा. एखादी पाण्याची धार ५४ मीटरपेक्षा जास्त वेगाने बॉयलरच्या तोंडावर आदळली, तर ती आतल्या पाण्याला मागे रेटून घुसेल. म्हणजे आपल्याला फक्त तेवढ्या वेगाची धार हवी. दुसऱ्या शंकूत वाफेभोवती गार पाणी सोडतात. गार पाणी लागताच वाफेचं पाणी होतं, पण तिचा संवेग कुठे जाणार? तो आजूबाजूच्या पाण्याला मिळतो. १ किलो वाफ ९०० मीटरने आली आणि तिने १२ किलो पाणी सोबत घेतलं, तर १३ किलोची धार सुमारे ६९ मीटरने निघते. हवे होते ५४, मिळाले ६९. मधले १५ घर्षणात आणि खळबळीत खर्चायला शिल्लक. तिसरा शंकू हळूहळू रुंदावत जातो, तिथे धारेचा वेग उतरतो, वेगाचा दाब होतो आणि तो दाब बॉयलरच्या दाबाहून जास्त भरतो. पुढचा एकदिशी व्हॉल्व्ह (इंजिनांच्या शेडमध्ये त्याला क्लॅक म्हणतात) उचलला जातो आणि पाणी आत.

वाफेचं पाणी होताना तिचं आकारमान कोसळतं. साध्या दाबाला १ लिटर पाण्याची जवळपास १,७०० लिटर वाफ होते, हे उलटं घडतं तेव्हा त्या शंकूत अर्धवट निर्वात तयार होतो आणि तो टेंडरचं पाणी ओढून घेतो. एकदा धार लागली की इंजेक्टर स्वतःच स्वतःला पाजत राहतो.

यात फुकट काही मिळालेलं नाही. १४.५ बारच्या दाबाला १ किलो पाणी रेटायला लागतं दीड किलोज्यूलपेक्षा थोडं कमी काम, म्हणजे १३ किलोला साधारण १९. बदल्यात १ किलो वाफेने आणलेली उष्णता सुमारे २,७९० किलोज्यूल. पंप म्हणून बघितलं तर हे यंत्र महाउधळं, पण उधळलेली उष्णता पाण्यातच मुरते आणि पाण्याबरोबर घरी परत येते. अधूनमधून 'पाण्यावर चालणारी मोटार' असा व्हिडिओ फिरतो आणि खाली कुणीतरी हमखास लिहितं, जुनी इंजिनं नाही का पाण्यावर चालत होती? नव्हती चालत. ती कोळशावर चालत. किलोभर कोळसा जाळावा तेव्हा साधारण सहा-सात लिटर पाण्याची वाफ होई. पाणी हा निव्वळ हमाल आहे, ओझं कोळशाचं.

आता थोडा किचकट भाग. कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या हातात दोन मुठी असतात, एक वाफेची, एक पाण्याची, आणि त्यांचं प्रमाण जमायलाच हवं. पाणी कमी घेतलं, समजा १ किलो वाफेला ८ किलो, तर वेग मिळतो सेकंदाला १०० मीटर. पण २५ अंशांचं पाणी मिसळून ९६ अंशांवर पोचतं, आणि शंकूत दाब हवेपेक्षा कमी असल्याने तिथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. वाफेचं पाणी होईनासं होतं, धार फुटते, सगळा माल खालच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडातून फसफसत बाहेर. पाणी जास्त घेतलं, समजा १६ किलो, तर मिश्रण छान गार राहतं, पण वेग येतो ५३ मीटर. बॉयलर दाद देत नाही, पुन्हा ओव्हरफ्लो. १२च्या आसपास ७४ अंश आणि ६९ मीटर, हा सुखाचा टापू. हे आकडे आदर्श हिशेबाचे आहेत. प्रत्यक्षात शंकूच्या घडणीप्रमाणे ते सरकतात, दोन्हीकडची दरी मात्र तीच राहते.

म्हणूनच उन्हाळा इंजेक्टरचा वैरी. वैशाखात दिवसभर तापलेल्या टेंडरमध्ये पाणी ४५ अंशांवर गेलं, तर त्याच १२ किलोंच्या प्रमाणात मिश्रण ९३ अंशांना पोचतं. सकाळी गुणी बाळासारखा वागलेला इंजेक्टर दुपारी दोनला हटून बसतो. शेडमध्ये दसऱ्याला इंजिनाला झेंडूच्या माळा पडत, नारळ फुटत. त्याबद्दल तक्रार नाही, माणसं यंत्रावर जीव लावतात. पण इंजेक्टर अडला म्हणून बफरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने आधी टेंडरच्या पाण्यात हात घालून बघावा.

चालू करायचा क्रम ठरलेला आहे. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि ओव्हरफ्लोमधून स्वच्छ धार पडते का ते वाकून बघायचं. मग वाफेचा व्हॉल्व्ह, आधी थोडा, लगेच पूर्ण. खालची धार खेचली जाऊन आत जाते आणि बारीक, एकसुरी गुणगुण सुरू होते. अजून पाणी ठिबकत असेल तर पाण्याची मूठ किंचित आवळायची, वाफ दिसली तर सैल करायची. ओव्हरफ्लो कोरडा आणि गुणगुण अखंड, म्हणजे काम फत्ते. १० मिलिमीटर घशाचा इंजेक्टर मिनिटाला सुमारे २५० लिटर पाणी आत ढकलतो. करंगळीएवढ्या भोकातून!

बिघाड बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने होतो. टेंडरच्या तळातली जाळी गाळाने भरली की पाणी अपुरं पडतं. पाण्याच्या नळीचा नट सैल असला तर तिथून पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते आणि धार तुटते, त्यामुळे डोळ्यांना दोष दिसतच नाही. जड पाण्याचा क्षार शंकूत धरला की घसा अरुंद आणि खडबडीत होतो. क्लॅक नीट बसला नाही तर बॉयलरचं २०० अंशांचं पाणी उलटं येऊन इंजेक्टर तापवतं आणि तापलेला इंजेक्टर सुरू होत नाही. उपाय म्हणजे क्लॅकच्या डबीवर लाकडाने हलके ठोके, इंजेक्टरवर ओलं फडकं आणि बादलीभर गार पाणी.

हे एवढं महत्त्वाचं का, ते फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या छतात दडलंय. त्या पत्र्याच्या खाली १,२०० अंशांच्या वरची आग असते आणि वर पाणी. पाणी आहे तोवर पत्रा पाण्याहून थोडाच जास्त तापतो. पाणी छताखाली उतरलं की काही मिनिटांत पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आधाराचे बोल्ट त्यातून निसटतात. मग २०० अंशांच्या पाण्यावरचा दाब एकाएकी नाहीसा होतो आणि दर १०० किलो पाण्यातल्या सुमारे १९ किलोंची क्षणार्धात वाफ होते. बॉयलरचा स्फोट म्हणतात तो हा. त्याआधीचा इशारा म्हणून छतात शिशाचा प्लग बसवतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, प्लग जातो आणि वाफ खाली आगीवर येते.

चढावर आणखी एक पेच आहे. नेरळ-माथेरान मार्गाचा चढ २०ला १ इतका कडक. ३ मीटर लांबीच्या बॉयलरात अशा चढावर दोन टोकांच्या पाण्यात १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. बॉयलरातली पातळी दाखवणाऱ्या गेजच्या काचेत पाणी दिसतंय म्हणून फायरमनने निर्धास्त राहावं, तर चढ संपून उतार लागला की तेच पाणी दुसऱ्या टोकाला पळतं आणि छत उघडं पडतं. म्हणून घाटमाथा यायच्या आधीच इंजेक्टर लावून पातळी वाढवून ठेवायची.

दिल्लीच्याच संग्रहालयात सिंद्रीच्या खत कारखान्यातलं एक बिनआगीचं इंजिन आहे. त्याच्या पिंपात कारखान्याच्या बॉयलरमधून वाफ आणि कढत पाणी भरून घेत, आणि ते गार होईपर्यंत डबे ओढत. आग नाही, म्हणून फायरबॉक्सचं छत नाही आणि शिशाचा प्लगही नाही.

उघड्यावर उभ्या इंजिनाला 'जरा तेलपाणी केलं की धावेल' असं समजणं हा मोठा भाबडेपणा. धुराड्यातून पडणारं पावसाचं पाणी राखेतल्या गंधकाशी मिळून आम्ल होतं आणि धुराड्याखालच्या स्मोकबॉक्सचा तळ आतून खातं. वरचा रंग चकचकीत आणि खाली पत्र्याची चाळण. त्यासाठी धुराड्यावर पत्र्याची टोपी ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. इंजिन पुन्हा पेटवायचंच असेल, तर पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने जागोजाग मोजतात. मग बॉयलर काठोकाठ गार पाण्याने भरून कामाच्या दाबाहून जास्त दाब देतात, कारण गार पाणी वाफेसारखं फुगत नाही, फुटलंच तर नुसतं गळतं. शंकू काढून सौम्य आम्लात भिजवून क्षार विरघळवतात. स्क्रू-ड्रायव्हरने किंवा तारेने खरवडायचं नाही, एका ओरखड्याने धार फाटते. घसा गेजने मोजतात, झिजून ठरलेल्या मापाच्या पलीकडे गेला असेल तर शंकू नवा.

आणि इंजेक्टर कधीच एकटा नसतो. इंजिनावर पाणी भरायचे दोन स्वतंत्र मार्ग लागतातच, आणि शेडमधून निघण्याआधी दोन्ही चालवून बघतात. एक अडला तर इंजिन बाहेर काढत नाहीत. वाटेत दोन्ही अडले आणि काचेत पाणी अजून दिसत असेल, तर डँपर (आगीला हवा देणारी झडप) बंद करून आग खाली पाडायची किंवा ओल्या राखेने दाबायची. काचेतून पाणी दिसेनासं झाल्यावर मात्र इंजेक्टरला हात लावायचा नाही, कारण तापलेल्या छतावर पाणी सोडणंही घातक ठरू शकतं. तेव्हा आधी आग.