फळझाडावरील पक्षी-छायाचित्रण

फळांनी लगडलेल्या झाडाजवळ थांबून रंगीत, फलाहारी गायक पक्षी पाहण्याची व टिपण्याची पद्धत. सह्याद्रीत तिचा मुख्य आधार वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही अंजीरवर्गीय झाडे. त्यांचे परागीभवन फळातच वाढणारी चिमुकली गांधीलमाशी करते. प्रौढ माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतले दुसरे झाड मिळावे लागते, म्हणून एकाच जातीची झाडेही वेगवेगळ्या महिन्यांत पिकतात. त्यामुळे कुठे ना कुठे पिकलेले झाड सापडतेच, आणि पक्ष्यामागे रानोमाळ हिंडण्यापेक्षा ते झाड हेरणे केव्हाही चांगले.

खाली पडलेली अर्धवट टोचलेली फळे, बियांनी भरलेली विष्ठा आणि तांबट पक्ष्यांचा गलका ही पिकलेल्या झाडाची खूण. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही तिथेच भेटतो, पण तो कबुतरांच्या कुळातला. गायक पक्ष्यांत हळद्या, हरेवा, बुलबुल आणि दक्षिणेकडच्या दाट रानात नीलपरी. गोव्याचा राज्यपक्षी असलेला बुलबुल केवळ पश्चिम घाटातला: पिवळे अंग, काळे डोके, पांढरट डोळा आणि गळ्यावर निखाऱ्यासारखा केशरी-तांबडा पट्टा. गोव्यातल्या मोले, तांबडी सुर्ल भागात तो छोट्या रसाळ फळांच्या झुडपांवरही उतरतो.

रंगानुसार प्रकाशाचा हिशोब बदलतो. हळद्याचा पिवळा रंग आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा; कडक उन्हात त्यातले पिसांचे तपशील पार उडतात, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे कमी ठेवावे. नीलपरीच्या नराचा निळा रंग मात्र पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो. सावलीत तो चक्क काळा दिसतो, आणि पाठ उजेडाकडे वळली की क्षणात झळाळतो. त्या वळण्याची वाट पाहावी. फळ चोचीच्या टोकावर धरून, मान झटकून ते घशात टाकण्याचा क्षण हवा असेल तर शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतो.

झाडाखालून पोटाचेच फोटो मिळतात. घाटातल्या वळणावर, वाहनांपासून सुरक्षित जागी उभे राहिले की उतारावरच्या झाडाचा शेंडा नजरेच्या पातळीत येतो.

आड येते म्हणून फांदी तोडणे किंवा मोबाइलवर साद वाजवून पक्षी बोलावणे गैरच. घरट्याजवळ तर जाऊच नये: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी-घरट्यांना उपद्रव देणेही शिकारीच्या व्याख्येत धरले आहे.