शाळेआधी संडासची सवय: आमच्याकडून खुर्ची नेणाऱ्या पालकांसाठी

कुपवाडच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मुलांसाठी आधाराच्या संडास-खुर्च्या, पायाखालचे पाट आणि संडासच्या भिंतीला बसवायचे दांडे तयार होतात. येणारे पालक बहुतेक सांगली-मिरजेतले, काही तासगाव-विट्याकडचे. मूल पाच-सहा वर्षांचं, चालणं-बोलणं उशिरा आलेलं, जूनमध्ये शाळा आणि डायपर अजून सुटलेला नाही, अशीच बहुतेकांची अडचण. खुर्ची विकणं हा आमचा धंदा आहे, तरी आधीच सांगतो, नुसत्या खुर्चीनं सवय लागत नाही. खुर्चीमुळे मूल न घाबरता स्थिर बसतं, एवढंच तिचं काम.

पहिल्यांदा पोट बघा. वाढ उशिरा होणाऱ्या मुलांना, त्यातही ज्यांचे स्नायू ढिले आहेत किंवा जी फारशी हिंडत-फिरत नाहीत त्यांना, बद्धकोष्ठता फार असते. कडक शी आत अडकली की तिच्या कडेनं पातळ शी झिरपत राहते, चड्डी दिवसभर खराब होते. घरचे जुलाब समजून शी बांधणारं औषध देतात आणि त्रास दुप्पट होतो. एकदा दुखलं की मूल शी दाबून धरतं, मग कितीही बसवा. म्हणून मुलांच्या डॉक्टरांना आधी दाखवा. पोट साफ व्हायचं औषधही त्यांच्याच सल्ल्यानं द्या. दूध पेलाभरून आणि भाकरी-भाजी घासभर, असं चाललं असेल तर दूध कमी करायचं का, तेही त्यांना विचारा. पाणी, पपई, पेरू, तासगावचे बेदाणे भिजवून कुस्करून, हे घरचं आहेच. चावायला-गिळायला अडचण असलेल्या मुलाला अख्खा बेदाणा देऊ नका.

लघवी थेंबथेंब गळत राहणं, जळजळ, शीतून रक्त, किंवा आलेली सवय अचानक सुटणं, यातलं काही दिसलं तर सवय लावायचं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. पाठीच्या कण्याचं जन्मजात दुखणं असलेल्या मुलाला लघवी-शी भरल्याची जाणीवच नसू शकते. त्याची पद्धत वेगळी असते आणि ती डॉक्टरच शिकवतात.

मग चार-पाच दिवस नुसती वही ठेवा. चड्डी कधी ओली, कधी कोरडी, शी किती वाजता. मूल तासभर-दीड तास कोरडं राहत असेल तर सुरुवात करायला हरकत नाही. त्यानं स्वतःहून सांगायची वाट बघत बसू नका, काही मुलं ते खूप उशिरा सांगतात. जेवण झालं की आतडी आपोआप हलायला लागतात, त्यामुळे न्याहारी किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा. बसणं पाच मिनिटं, फार तर दहा. दर दहा मिनिटांनी उचलून नेणाऱ्या आईची तळमळ कळते, पण तशानं मूत्राशय भरल्याची जाणीव मुलाला होतच नाही.

बसताना तळपाय पूर्ण टेकलेले हवेत, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, अंग किंचित पुढे. पाय लोंबकळत असतील तर मुलाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि जोर करता येत नाही. पट्टा तोल जाऊ नये म्हणून दिलाय. मूल उठून पळतंय म्हणून बांधून ठेवायला तो वापरू नका. मुलग्यांनाही आधी बसूनच लघवी शिकवा, उभं राहणं नंतर.

शब्द घरात एकच ठेवा. आई ‘शू’ म्हणते, आजोबा ‘लघवी’ म्हणतात आणि बाई ‘बाथरूम’, अशानं मूल गोंधळतं. बोलता येत नसेल तर संडासचा फोटो चिकटवलेलं एक कार्ड दाराजवळ अडकवा आणि दर वेळी त्याचाच हात त्यावर ठेवून मग आत न्या. आजी तान्ह्याला पायांवर धरून ‘श्शूऽऽ’ करते ना, ते इथंही खुशाल करा. आमच्या मते कुठल्याही महागड्या खेळण्यापेक्षा ते बरं. फ्लशच्या आवाजाला किंवा गार सीटला घाबरणारी मुलं असतात, स्वमग्न मुलांत जास्तच. त्यांना बाहेर आणल्यावर मग फ्लश करा.

चड्डीत झाली तर ओरडू नका, ‘घाण’ म्हणू नका. ‘शू संडासात’ एवढं म्हणून तिथं नेऊनच कपडे बदला. चड्डी वर ओढण्याचा शेवटचा झटका त्याला मारू द्या. ते जमलं की त्याआधीची पायरी. नाडी, हूक, बेल्ट नको. गणवेशाच्या पँटला शिंप्याकडून इलॅस्टिक घालून घ्या. होळीनंतर सुरुवात करा असं आम्ही सांगतो, कारण मृगाचा पाऊस लागला की चड्ड्या वाळत नाहीत.

आता शाळा. घरी खुर्चीवर तयार झालेलं मूल शाळेत अडतं, कारण तिथं बऱ्याचदा भारतीय बैठकीचा संडास असतो. म्हणून प्रवेशाआधी शाळेचा संडास स्वतः आत जाऊन बघा. उकिडवं बसता येत असेल तर घरी दांडा धरून तसा सराव द्या. येत नसेल तर दुसरी खुर्ची तिथं ठेवू देतील का, ते मुख्याध्यापकांना विचारा. धुवायला मदत कोण करणार, हे बाईंशी आणि मदतनीस मावशींशी आधी ठरवा आणि मुलाची मावशींशी ओळख करून द्या. दप्तरात दोन चड्ड्या, एक पिशवी आणि तेच फोटोचं कार्ड ठेवा.

सवय लागली नाही म्हणून प्रवेश नाकारला तर नमतं घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 प्रमाणे शासनाच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकायला मदत करणाऱ्या, विशेष शिक्षकांची चौकशी करा.

रात्रीचा डायपर राहू दे. ते शरीर आपल्या वेळेनं शिकतं.

खुर्ची सांगताना दोन मापं आणा: अनवाणी पायाचं, गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेपर्यंत, आणि बसल्यावर पाठीपासून त्याच खळीपर्यंत. पायपाट बोल्टवर वर-खाली होतो, मूल वाढलं की सरकवून घ्या. धुवायला साबण पुरे, ॲसिड लावू नका, वेल्डिंग गंजतं. मूल मोठं झालं की खुर्ची स्वच्छ करून परत आणा. चांगली असेल तर दुरुस्त करून आम्ही ती पुढच्या घराला फक्त दुरुस्तीच्या खर्चात देतो.