पिसवांची फवारणी: आम्ही येण्याआधी एवढं वाचून ठेवा

पावसाळा लागला की आमच्याकडे पिसवांचे फोन सुरू होतात. बहुतेकांची तक्रार एकच: "कुत्र्याला औषध लावलं, आठ दिवस बरं गेलं, पुन्हा तेच." कारण साधं आहे. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या झालेल्या पिसवा, आणि घरातल्या एकूण पसाऱ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात, जिथे कुत्रा झोपतो तिथे सगळ्यात जास्त. म्हणून घराची फवारणी आणि कुत्र्याचं औषध एकाच दिवशी व्हायला हवं. नुसतं घर फवारून द्या म्हणालात तर आम्ही शक्यतो नाही म्हणतो. तुमचे पैसे फुकट जातात आणि नाव आमचं खराब होतं.

आधी पिसवाच आहेत ना, हे बघा. गोचीड कानात, बोटांच्या बेचक्यांत घट्ट चिकटून बसते आणि रक्त पिऊन टंच फुगते. पिसू तपकिरी, चपटी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. केस बाजूला केले की सुळकन पळते. ती सापडली नाही तरी शेपटीच्या मुळाशी मिरपुडीसारखे काळे कण दिसतात. ते ओल्या पांढऱ्या कापसावर घ्या. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग पसरला नाही तर साधी माती. गोचीड निघाली तर फोनवर तसं सांगा, तिची फवारणी वेगळी असते.

आता मुख्य गोष्ट, कोषाची. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालू शकते. अंडी चिकट नसतात, कुत्रा अंग झाडतो तशी ती घरभर गळतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात: फरशीच्या फटी, सोफ्याखालचा कोपरा, पडवीतल्या गोणपाटाची खालची बाजू. दमट हवा त्यांना मानवते, कोरड्यात त्या मरतात. कोकणात पावसाळ्यात त्यांना काही कमी पडत नाही. पुढे अळी कोष विणते, त्याला धूळ चिकटते आणि आतल्या पिसवेपर्यंत आमचंच काय, कुणाचंच औषध नीट पोचत नाही. जवळपास हालचाल, ऊब, श्वास जाणवेपर्यंत ती आत कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा थांबते. गणपतीला चाकरमानी बंद घर उघडतात आणि पहिल्याच संध्याकाळी पाय खाजवत बसतात, ते यामुळे. घरात कुत्रा नसतो, पण पडवीत कुणाचा तरी झोपून गेलेला असतो.

म्हणून फवारणीनंतर दोन-तीन आठवडे अधूनमधून नवी पिसू दिसेल. ती कोषातून आत्ता बाहेर आलेली असते, फवारलेल्या जागेवरून गेली की मरते. औषध लागलं नाही असं समजून दुकानातून दुसरं आणून त्यावर मारू नका. आमची दुसरी फेरी त्याच सुमारास असते आणि तिचे वेगळे पैसे नाहीत.

आम्ही येण्याआधी सगळं घर झाडून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फार उत्तम: त्याच्या कंपनांनी बऱ्याच पिसवा कोषातून बाहेर येतात आणि फवारणीत सापडतात. पिशवी लगेच घराबाहेर नेऊन टाका. कुत्र्याचं अंथरूण, गोधड्या, पायपुसणी कढत पाण्यात धुवा. जुनं गोणपाट मात्र धुऊ नका, जाळून टाका. फवारणी चालू असताना आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत माणसं आणि जनावरं बाहेर. माशांची टाकी असेल तर हवेचा पंप बंद करून ती नीट झाकायची. ही औषधं माशांना फार घातक असतात. नंतर आठ-दहा दिवस केर रोज काढा, पण भिंतीच्या कडेने ओलं फडकं नको.

कुत्र्याचं औषध आम्ही देत नाही, ते जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मानेवर सोडायचे थेंब असतात, खायच्या गोळ्या असतात; दोन्ही वजनानुसार. थेंब केसांवर नाही, केस दुभंगून कातडीवर पडले पाहिजेत, आणि त्याच्या आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. पिसू गिळली गेली तर पट्टकृमी होतात, तेव्हा जंताच्या औषधाचंही विचारा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. चार पिसवांनी शेपटीकडचे केस जाऊन कातडी लाल होते. त्याला फवारणी पुरेशी नाही, डॉक्टरला दाखवा.

शाम्पूने त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा जातात, पुढे काही नाही. कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ घाला हवी तर, अपाय नाही, पण तिच्यावर भिस्त नको. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या आणि शेतात मारायचं औषध मात्र अजिबात नाही. कुत्रा अंग चाटतो, ते सगळं पोटात जातं. "आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच लावतात" असं ऐकवणारेही भेटतात, त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही, फक्त फवारणीला जात नाही.

घरात मांजर असेल तर तिलाही औषध लागतं, पण कुत्र्याचं चालत नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजर दगावू शकतं.

फोन करताना खोल्या किती, पडवी किंवा गोठा जोडून आहे का, मांजर, मासे, ससे, पक्षी यांपैकी काय आहे, घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं कुणी आहे का आणि कुत्र्याला शेवटचं औषध कधी दिलं, एवढं सांगा. औषधाचं खोकं ठेवलं असेल तर त्याचा फोटो पाठवलात तरी चालेल.