निखळलेला कायमचा दात : पार्श्वभूमी

हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधून ठेवण्याची कृती हजार वर्षांपूर्वीच्या अरबी शस्त्रक्रियाग्रंथात सापडते. मुळासकट बाहेर आलेला दात पुन्हा हिरडीत बसवण्याचे प्रयोगही जुनेच. त्यांतले काही टिकत, बरेच झिजून जात; कारण मात्र कोणाला सांगता येत नसे.

ते कळले 1960 च्या दशकात. परत बसवलेल्या 110 दातांचा एक डॅनिश अभ्यास 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी सुमारे 90 टक्के दातांची मुळे झिजली नाहीत. दोन तास उलटलेल्यांपैकी 95 टक्के झिजली. मुळावरच्या पातळ अस्तराच्या पेशी हवेत सुकून मरतात, म्हणून घड्याळ महत्त्वाचे. पुढे दूध हे दात ठेवण्यासाठी हाताशी असणारे चांगले माध्यम ठरले. साधे पाणी त्या पेशींना फुगवून फोडते, तरी कोरड्या रुमालापेक्षा ते बरे.

गोव्यात पणजीला वैद्यकशाळा 1842 पासून होती, पण दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय बांबोळीला आले 1980 मध्ये. तोवर बांधणीची पद्धतही बदलू लागली होती. पूर्वी दात आठवडेच्या आठवडे घट्ट जखडून ठेवत आणि त्यामुळेच तो हाडाला चिकटण्याचा धोका वाढे. आता बारीक लवचिक तार कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणद्रव्याने, चिकटवतात, आणि निखळलेल्या दातासाठी ती बहुधा दोनच आठवडे ठेवतात.

खरा वाद वेगळाच आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात फुटबॉलच्या मैदानावर निखळला आणि तासाहून अधिक वेळ कोरडा राहिला, तर तो बसवावा का? दक्षिण गोव्यातल्या काणकोण किंवा सांग्याहून बांबोळी गाठायची म्हटली की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, मूळ पूर्ण न झालेला असा दात बसवू नये असे म्हटले होते. त्यामागचे तर्कशास्त्र खोटे नव्हते. मेलेल्या अस्तराचा दात हाडाला चिकटतो, मुलाचा जबडा वाढत जातो आणि दात तिथेच राहून आखूड दिसू लागतो.

पण बसवलाच नाही तर काय, हा प्रश्न त्या सल्ल्यात झाकलेलाच राहिला. रिकाम्या खळगीभोवतीचे हाड आकसते, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, तर वाढ पूर्ण होईपर्यंत बसवता येत नाही. म्हणजे शाळा-कॉलेजची सगळी वर्षे समोरची फट आणि शेवटी इम्प्लांटला पुरेसे हाडही नाही. बसवलेला दात नंतर काढता येतो. फेकलेला परत येत नाही. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे लागायला नको होती. 2012 आणि मग 2020 च्या मार्गदर्शनाने कल बदलला : उशीर झाला तरी जवळजवळ नेहमीच दात बसवा, निदान हाड आणि चेहरा राखण्यासाठी. 2020 मध्ये तीस मिनिटे कोरडे राहिल्यावर अस्तराच्या बहुतेक पेशी जगत नाहीत असे म्हटले गेले, तरी उपचार ठरवण्याची सीमारेषा साठ मिनिटांचीच राहिली. दात आखूड दिसू लागलाच तर वरचा भाग कापून मूळ हाडातच ठेवण्याची शस्त्रक्रिया 1980 च्या दशकापासून उपलब्ध आहे. त्या मुळाची जागा हळूहळू हाड घेते.

मूळ अपुरे असलेला दात वेळेत बसला, तर त्यात रक्तपुरवठा परत येण्याची शक्यता असते; म्हणून तिथे रूट कॅनलची घाई करत नाहीत. दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत, खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ नये म्हणून.

दात कशात ठेवावा म्हटले की आपल्याकडे हमखास निघणारा विषय शहाळ्याचे पाणी. प्रयोगशाळेत त्याचे काही निकाल चांगले आले आहेत, पण ते आम्लधर्मी असते, आणि 2020 च्या मार्गदर्शनातल्या यादीत दूध, विशिष्ट क्षारद्रावण, मुलाचीच लाळ आणि सलाइन यांची नावे आहेत, शहाळ्याचे नाही. आणि दात स्वच्छ असेल तर या सगळ्याआधी, शेंड्याकडून धरून, जागच्या जागी बसवणे केव्हाही उत्तम. मात्र शेंडा म्हणजे तोंडात दिसणारा पांढरा भाग, मूळ नव्हे.