शुष्क उष्णकटिबंधीय वनांतील वृक्षसमुदाय

शुष्क उष्णकटिबंधीय वनांतील वृक्षसमुदाय : दीर्घ कोरडा ऋतू असलेल्या उष्ण प्रदेशातील पानझडी वनांत कोणती झाडे एकत्र वाढतात, हे पर्जन्यमानाइतकेच जागेवरची माती, खडक व उतार यांवर ठरते. मर्फी व लुगो (१९८६) यांनी वार्षिक २५० ते २,००० मिमी. पावसाची मर्यादा दिली असून तिचा आधार होल्ड्रिज यांचे तापमान व पाऊस यांवरून वनस्पतिप्रदेश ठरवणारे वर्गीकरण हा आहे. मात्र ती इतकी ऐसपैस आहे की तिच्यावरून झाडांचा अंदाज येत नाही. पाऊस थांबल्यावर मुळांना किती दिवस पाणी मिळते, ही बाब अधिक निर्णायक म्हणावी लागेल.

टेकडीच्या मुरमाड माथ्यावर हे पाणी लवकर संपते. तेथे सालई, मोई, कांडोळ दिसतात. त्यांचे लाकूड हलके, खोडात पाण्याचा साठा. म्हणूनच कागदासारखी साल सुटलेली सालई ऐन कोरड्या दिवसांत, अंगावर पान नसताना फुलते. तेथून काहीशे पावले खाली चिकणमातीत ऐन आणि नाल्याकाठी अर्जुन, करंज हिरवे असतात. कोस्टा रीकातील ग्वानाकास्ते येथील झाडांबाबत बोर्चर्ट (१९९४) यांनी मातीतील व खोडातील पाण्याचा असाच संबंध दाखवला. अंजन मात्र या चौकटीत बसत नाही : त्याचे लाकूड अतिशय जड, तरी तो खडकाळ जमिनीत वाढतो, कारण त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल उतरते. काळ्या मातीत पाणी पुष्कळ, पण कण ते घट्ट धरून ठेवतात; शिवाय उन्हाळ्यात माती भेगाळली की मुळे तुटतात. तेथे बाभूळ, पळस अशी थोडीच झाडे टिकतात.

मध्य भारतातील साग व साल या दोन वृक्षांच्या वनांमधील सीमेबद्दल मतभेद आहेत. पचमढीच्या वालुकाश्मावर साल आहे, तर भोवतालच्या बेसाल्टी जमिनीवर साग. सागाला चुना लागतो, हे जुने स्पष्टीकरण. दुसऱ्या मताने निचरा व ओलावा महत्त्वाचा; आणखी काहींच्या मते ही सीमा पूर्वीच्या हवामानाचा अवशेष असावी. चुना, आम्लता व निचरा हे तिन्ही मूळ खडकाबरोबरच बदलत असल्याने एकाला श्रेय देणे कठीण आहे. तरीही ओलाव्याचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण सालाचे बी काही दिवसांतच रुजण्याची क्षमता गमावते व रोपांना ओल लागते.

वणव्याचे स्थानही वादग्रस्त आहे. चँपियन व सेठ (१९६८) यांनी केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात पानझडी वने म्हणून नोंदलेले काही प्रदेश वस्तुतः तृणभूमीतील विरळ वृक्षराजी, म्हणजे वणवे हा ज्यांचा स्वाभाविक भाग असतो असे सॅव्हाना असावेत, असे रत्नम व सहकाऱ्यांनी (२०११) सुचवले. वणव्यात जाड सालीची आणि बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडे तगतात, हे मात्र सर्वमान्य आहे.

उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतार अधिक तापतात, त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन अंगांवरची झाडे वेगळी असू शकतात.