मुंबईच्या रस्त्यांवरचा रेन ट्री : पार्श्वभूमी

मुंबईत मे महिन्याच्या दुपारी फुटपाथवर जी सावली मिळते, ती बहुतेक परक्या मुलखातल्या झाडांची. रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहर आग्नेय आशियाकडचा. वड, पिंपळ, उंबर इथलेच. पण त्यांची जागा देवळापाशी, विहिरीपाशी, वाडीच्या तोंडाशी. फुटपाथच्या कडेने ओळीत झाडं लावायची गरज पडली ती शहराचे रस्ते आखले जाऊ लागल्यावर.

गुलमोहराचं शास्त्रीय वर्णन १८२९ साली प्रसिद्ध झालं आणि १८४० च्या सुमारास तो मुंबईत शिवडीला असल्याची नोंद सापडते. शिवडीत तेव्हा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती, त्यामुळे तो बागेच्या वाटेनेच शहरात शिरला असावा, असा तर्क करायला जागा आहे. पुढे ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली.

१८९६ ला प्लेग आला आणि त्यानंतर दाट वस्त्या मोकळ्या करून शहर सुधारायला १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा या भागांत ट्रस्टने रुंद रस्ते आणि मोकळ्या बागा आखल्या. दादर पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्सची गर्द सावली त्या आखणीचं फळ. रस्त्याचं झाड निवडताना बघायचं ते एवढंच : किती लवकर वाढतं, छत्री किती रुंद होते, आणि ढोरं-माणसं अंगाखांद्यावर वावरली तरी टिकतं का. या तिन्ही कसोट्यांवर रेन ट्री सरस ठरतो. बी सहज रुजतं, मुळांवरच्या गाठींमुळे नत्र मिळतं म्हणून हलक्या जमिनीतही तो उभा राहतो, आणि मोकळी जागा मिळाली तर छत्री २५ मीटरहून रुंद पसरते. संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की पानं मिटतात. फक्त चिकट शेंगा गाडीवर पडल्या की मालक वैतागतो.

पण ही छत्री लांब, आडव्या, टोकाला जड झालेल्या फांद्यांवर तोललेली असते. पावसाळ्याआधीच्या छाटणीत इमारतीकडची किंवा तारांकडची बाजू सपाट कापली की सगळा भार रस्त्याकडे झुकतो. त्यात दोन्ही बाजूंनी केबल, गटार, गॅसच्या लाइनसाठी चर खणलेले. म्हणजे तोल सांभाळणारी मुळंही तुटलेली. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि शहरभर झाडं कोसळली. अशा वेळी दोष वाऱ्याला दिला जातो, चर मात्र कुणी मोजत नाही.

२०१० नंतरच्या दशकात रेन ट्री उभे वाळू लागले. कारण म्हणून पुढे आला पिठ्या ढेकूण : कोवळ्या फांद्यांतला रस शोषणारी, कापसासारख्या पांढऱ्या थराखाली लपणारी कीड. तिच्या गोड स्रावावर मुंग्या येतात, त्या किडीला राखतात. पानांवर काळी बुरशी चढते, शेंडे सुकतात. आमच्या मते कीड हा शेवटचा घाव. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आले की पावसाचं पाणी आणि हवा मुळांना मिळत नाही, आणि तहानलेलं झाड किडीशी झुंजू शकत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. मोठ्या रेन ट्रीला तेवढंही अपुरंच.

१९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगीशिवाय शहरातलं झाड तोडायला बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढची झाडं ‘हेरिटेज’ ठरली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावणं बंधनकारक झालं. मात्र ती रोपं भलत्याच मैदानात लागली, तर ज्या फुटपाथवरचं छत्र गेलं तिथे ऊन तसंच राहतं.

म्हणून त्याच खड्ड्यात पुन्हा लावणं महत्त्वाचं. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल. भरावाच्या जमिनीत डेब्रिज निघतं, ते सगळं काढायचं. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत. रोप किमान दोन मीटर उंच. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करायची, नाहीतर दहा-बारा वर्षांनी तीच मुळं बुंधा आवळतात. मुळं जिथून फुटतात तो भाग मातीखाली गाडायचा नाही. फुटपाथची पातळी चढवताना नेमकं हेच घडतं. रोप बांबूला बांधताना सुतळी सैल, आठच्या आकड्यासारखी बांधायची, आणि दोन पावसाळ्यांनी सोडायची. ट्री गार्डची तार सालीत रुतायच्या आत काढायची.

अरुंद फुटपाथवर रेन ट्री आता लावूच नये. तिथे ताम्हण, बकुळ, करंज बरे. ताम्हणाची सावली विरळ, करंजाची दाट, बकुळ सावकाश वाढतो. तीन मीटरहून रुंद माती मिळत असेल तरच मोठ्या घेराचं झाड घ्यावं, आणि खड्डा पहिल्या दमदार पावसाआधी भरून तयार असावा.