फुटबॉल क्लबांचे नामांतर

एखाद्या फुटबॉल क्लबाचे रूढ झालेले नाव मालकाने, प्रायोजकाने, सरकारने किंवा न्यायालयाने बदलणे, आणि त्यावरून पाठीराख्यांशी उभा राहणारा झगडा, हा या नोंदीचा विषय. क्लबाचे समभाग विकत घेता येतात, खेळाडूंचे करार घेता येतात, मैदानही घेता येते. नावही कागदोपत्री मालकाकडे येते. पण ते मैदानात ओरडून म्हणणारे आणि पोरांना शिकवणारे लोक वेगळे असतात. त्यांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नसते. नामांतराचे बहुतेक वाद याच ठिकाणी पेटतात. नवे नाव चांगले की वाईट हा प्रश्न त्यात दुय्यम असतो. ते ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा खरा मुद्दा असतो.

सुरुवातीचा काळ

आज पवित्र मानली जाणारी अनेक नावे मुळात दुसरी किंवा तिसरी आहेत. मँचेस्टर युनायटेड १९०२ पर्यंत न्यूटन हीथ होता. मँचेस्टर सिटी १८९४ पूर्वी आर्डविक, एव्हर्टन १८७९ पूर्वी सेंट डोमिंगो, तर वेस्ट हॅम युनायटेड हा जहाजबांधणी कारखान्यातल्या थेम्स आयर्नवर्क्सचा वारस. लेस्टर फॉसचे लेस्टर सिटी १९१९ मध्ये झाले. कर्ज बुडाल्यावर क्लब पुन्हा उभा करताना किंवा गल्लीतला संघ शहराचा झाल्यावर हे बदल होत गेले. ब्रँडिंगची बाजू घेणारे हा इतिहास नेहमी पुढे करतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ते क्लब तेव्हा कोवळे होते आणि नाव बदलणारे लोक बहुधा त्याच परिसरातले होते. शंभर वर्षे रुजलेले नाव उपटणे ही निराळी गोष्ट आहे.

सत्तेने लादलेली नावे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावांवर हात टाकला तो राजसत्तेने. फॅसिस्ट इटलीत इंटरनॅझिओनाले हे नाव खपणारे नव्हते. १९२८ मध्ये तो क्लब अँब्रोसियाना झाला आणि १९४५ मध्ये मूळ नावावर परतला. इंग्रजी वळणाचे जेनोआ हे नाव जेनोव्हा करण्यात आले. फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९४१ साली अ‍ॅथलेटिक बिल्बाओला अ‍ॅटलेटिको व्हावे लागले. ब्राझील दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये साओ पावलोतल्या पालेस्त्रा इतालियाचा पाल्मेइरास झाला आणि बेलो ओरिझोन्चीतल्या त्याच नावाच्या क्लबाचा क्रुझेइरो. ही दोन्ही नावे पुढे इतकी रुजली की आज ती बदलायला निघाल्यास लोक रस्त्यावर येतील.

हंगेरीत तसे झाले नाही. फेरेन्त्सवारोश या बुडापेस्टच्या क्लबाला कम्युनिस्ट राजवटीने १९५० मध्ये एडोस हे अन्नोद्योग कामगार संघटनेचे नाव दिले, मग किनिझी केले; हिरवा-पांढरा पोशाख काढून लाल-पांढरा घातला. १९५६ मध्ये नाव आणि रंग परत मिळेपर्यंत लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. एकीकडे लादलेले नाव आपलेसे झाले, दुसरीकडे नाही. नुसत्या वयावरून किंवा उगमावरून नावाचे भवितव्य सांगता येत नाही, ते असे.

प्रायोजकांची नावे

कंपनीचे नाव क्लबाला लागणे नवे नाही. औषध कारखान्यातल्या कामगारांनी १९०४ मध्ये सुरू केलेला बायर लेव्हरकुसेन आणि नेदरलँड्समधला फिलिप्सचा पीएसव्ही हे जन्मापासूनच कंपनीचे आहेत, आणि त्यांच्या पाठीराख्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. अडचण येते ती बाहेरून चिकटवलेल्या नावाची.

इटलीतली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९४९ च्या सुपेर्गा विमान अपघातात तोरिनोचा जवळजवळ अख्खा संघ गेला. त्यातून क्लब सावरलाच नाही आणि पैशाच्या चणचणीत १९५८-५९ चा हंगाम तो चॉकलेट कंपनीचे नाव लावून तालमोने तोरिनो म्हणून खेळला. त्याच हंगामात तो इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत घसरला. घसरणीला नाव कारण नव्हते हे उघड आहे, पण ते नाव पुन्हा कोणी घेतले नाही. याउलट व्हिचेंझा. १९५३ मध्ये लानेरोसी या लोकर गिरणीने हा क्लब घेतला आणि शर्टावर गिरणीच्या बोधचिन्हातले आर हे अक्षर आले. ते नाव १९९० पर्यंत टिकले; मधल्या काळात, १९७७-७८ मध्ये, पाओलो रोसीच्या गोलांवर हा छोटा क्लब इटलीत दुसरा आला. गिरणीचा संबंध संपला तरी आर सुटला नाही. २०१८ मध्ये नव्या मालकाने क्लब उभा करताना लानेरोसीची आठवण म्हणून एल आर ही अक्षरे पुन्हा नावात घेतली, आणि पाठीराख्यांनी त्याचे स्वागत केले. सदतीस वर्षांचा सहवास आणि सुखाचे काही हंगाम लाभले तर जाहिरातसुद्धा वारसा होते.

जर्मनीत बायरसारखा जुना अपवाद वगळता फुटबॉल संघटनेने क्लबाच्या नावात जाहिरात करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे तिथे पळवाटांचा इतिहास तयार झाला. ब्राउनश्वाइगच्या आइनट्राख्ट क्लबाने १९७३ मध्ये सदस्यांच्या मताने आपल्या बोधचिन्हातला सिंह काढून येगरमाइस्टर या मद्यकंपनीचे हरणाचे डोके घेतले. शर्टावर जाहिरात चालत नव्हती, बोधचिन्ह चालत होते. दहा वर्षांनी सदस्यांनी क्लबाचे नावच येगरमाइस्टर ब्राउनश्वाइग करण्याला संमती दिली, पण जर्मन संघटना आडवी आली आणि ते नाव प्रत्यक्षात कधी आले नाही. लाइपझिगमध्ये २००९ साली रेड बुल कंपनीने मार्करान्श्टेट या लहान क्लबाची साखळीतली जागा घेऊन आरबी लाइपझिग उभा केला. आरबीचा अधिकृत विस्तार 'रासेनबॉलस्पोर्ट', म्हणजे हिरवळीवरचा चेंडूचा खेळ. नियमाचे अक्षर पाळले गेले. त्याचा हेतू पाळला गेला असे मला वाटत नाही.

वेल्समधल्या टोटल नेटवर्क सोल्यूशन्स या क्लबाची तऱ्हा वेगळी. नाव देणारी कंपनी विकली गेल्यावर नावाला अर्थच उरला नाही, तेव्हा २००६ मध्ये आद्याक्षरे तीच राहतील असे द न्यू सेंट्स हे नाव शोधण्यात आले.

साल्झबर्ग

एप्रिल २००५ मध्ये रेड बुलने ऑस्ट्रिया साल्झबर्ग हा १९३३ साली स्थापन झालेला क्लब घेतला. पाठीराख्यांचा राग कंपनीच्या नावावर होता, असे या प्रकरणाबद्दल सर्रास लिहिले जाते. ते अपुरे आहे. हाच क्लब १९९४ मध्ये युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) चषकाच्या अंतिम फेरीत पोचला तेव्हा त्याचे नाव कॅसिनो साल्झबर्ग होते, आणि नंतर व्युस्टनरोट या वित्तसंस्थेचे नाव त्याला लागले. प्रायोजकाच्या नावाची सवय तिथल्या लोकांना होती. त्या नावांमागे क्लब तोच आहे, असे ते मानत, कारण जांभळा-पांढरा रंग तसाच होता.

नव्या मालकाने रंगच काढला. जांभळ्याच्या जागी कंपनीचा लाल आला, बोधचिन्ह बदलले, आणि क्लबाची स्थापना २००५ ची असल्याचेही मांडले गेले. ऑस्ट्रियाच्या संघटनेच्या हस्तक्षेपानंतर १९३३ हे साल कायम राहिले. वाटाघाटीत जांभळ्यासाठी देऊ केलेली जागा होती गोलरक्षकाचे मोजे. चर्चा फिसकटली. विरोधकांनी त्याच वर्षी एसव्ही ऑस्ट्रिया साल्झबर्ग हा क्लब नव्याने नोंदवला आणि ऑस्ट्रियन फुटबॉलच्या सर्वांत खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०१५ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीपर्यंत चढला. इकडे रेड बुल साल्झबर्गने विजेतेपदांची रांग लावली. युरोपीय स्पर्धांत मात्र युएफाच्या नियमांमुळे तो नुसता एफसी साल्झबर्ग म्हणून उतरतो.

हल सिटी

नामांतराच्या वादांत सर्वाधिक चर्चा झालेले प्रकरण इंग्लंडमधल्या हल सिटीचे आहे. इजिप्तमध्ये जन्मलेले आणि हलमध्येच उद्योग उभारलेले असेम अल्लाम यांनी २०१० मध्ये हा क्लब घेतला तेव्हा तो आर्थिक गर्तेत होता. त्यांनी स्वतःचे पैसे घालून तो वाचवला, हे त्यांच्या कट्टर विरोधकांनीही मान्य केले. मे २०१३ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. ऑगस्टमध्ये अल्लाम यांनी नाव हल टायगर्स करण्याची घोषणा केली. सिटी हा शब्द फार सामान्य आहे, डझनभर क्लबांना तो आहे, परदेशी बाजारात छोटे आणि ठसठशीत नाव चालते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

टायगर्स हे काही परके नाव नव्हते. पिवळसर-काळ्या शर्टांमुळे क्लबाला ते टोपणनाव कित्येक दशकांपूर्वीच पडले होते आणि पाठीराखे ते प्रेमाने वापरत. लाडाचे नाव घेऊन खरे नाव हिसकावले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. 'सिटी टिल वी डाय' या नावाने मोहीम उभी राहिली. क्लबाच्या १९०४ या स्थापनावर्षासाठी सामन्याची एकोणीस मिनिटे आणि चार सेकंद होताच गॅलरीतून तीच घोषणा उठू लागली. यांना मरायचे तर खुशाल मरावे, अशा अर्थाचे उत्तर अल्लाम यांनी वृत्तपत्रातून दिले, आणि समेटाची शक्यता मावळली.

मग क्लबाने हंगामी तिकीटधारकांचे मत घेतले. हल टायगर्सला 'हो' म्हणण्याच्या पर्यायातच अल्लाम कुटुंब क्लबाचे नेतृत्व करत राहील हे वाक्य जोडलेले होते. नाव नाकारले तर मालक जातील, असा त्याचा सरळ अर्थ. सुमारे १५,००० तिकीटधारकांपैकी ५,८७४ जणांनी मत दिले. बाजूने २,५६५, विरोधात २,५१७, आणि ७९२ जणांना फारसा फरक पडत नव्हता. मालकाने गळ्याला फास लावून प्रश्न विचारूनही कौल जवळपास दुभंगला. ९ एप्रिल २०१४ रोजी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या परिषदेने ६३.५ टक्के मतांनी नामांतर फेटाळले. पुढच्याच महिन्यात क्लब एफए चषकाची अंतिम लढत आर्सेनलविरुद्ध खेळला, आणि हल सिटी म्हणूनच खेळला. २०१५ मध्ये लवादाने निर्णयप्रक्रियेत दोष काढला. परिषदेने प्रस्ताव पुन्हा मतास टाकला आणि पुन्हा फेटाळला. जानेवारी २०२२ मध्ये अल्लाम कुटुंबाने क्लब विकला.

यापूर्वी १९८३ मध्ये ऑक्सफर्डचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी ऑक्सफर्ड युनायटेड आणि रीडिंग एकत्र करून थेम्स व्हॅली रॉयल्स काढण्याचा घाट घातला होता. ऑक्सफर्डच्या पाठीराख्यांनी मैदानाच्या मधोमध बैठक मारून सामना लांबवला, आणि बेत बारगळला. नावानिशी वाचलेल्या ऑक्सफर्डने १९८६ मध्ये लीग चषक जिंकला.

इतरत्र

अमेरिकेतील कोलंबस क्रूच्या पाठीराख्यांनी आपला क्लब दुसऱ्या शहरात हलवण्याचा बेत आधीच हाणून पाडला होता. मे २०२१ मध्ये नव्या मालकांनी त्याचे नाव कोलंबस एससी केले, तेव्हा जुनी संघटित फळी तयारच होती. जेमतेम आठवड्याभरात मालकांनी पाठीराख्यांशी बसून माघार घेतली.

कोलकात्याचा मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकल्याने तो देशाच्या इतिहासातच जाऊन बसला. २०२० मध्ये एटीके या अवघ्या सहा वर्षांच्या फ्रँचायझीशी जोडणी झाली आणि संघ एटीके मोहन बागान झाला. हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हातली शिडाची होडी कायम ठेवूनही ती तीन अक्षरे लोकांना खटकत राहिली. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात इंडियन सुपर लीगचे जेतेपद मिळाल्यावर मालक संजीव गोएंका यांनी एटीके काढण्याची घोषणा केली. त्या जागी सुपर जायंट आले. गोएंकांच्या क्रिकेट संघाच्या नावातलाच तो भाग. मोहन बागान मात्र आता पुढे आहे.

आशियात काही संघटनांनी उलट दिशा धरली. जपानच्या जे-लीगने १९९३ मध्ये कंपन्यांची नावे मागे सारून शहरांची पुढे आणली. त्याच लीगमध्ये योकोहामा फ्ल्यूगेल्सचे मारिनोसमध्ये विलीनीकरण जाहीर झाले आणि १ जानेवारी १९९९ रोजी एम्परर्स कप जिंकून फ्ल्यूगेल्स संपला. मारिनोसच्या नावाआधी एफ हे अक्षर लागले. पाठीराख्यांना एका अक्षरात समाधान नव्हते. त्यांनी योकोहामा एफसी उभा केला. चीनमध्ये २०२१ पासून कंपन्यांची नावे बंद झाली, तेव्हा बीजिंगचे पाठीराखे गुओआन या नावासाठी भांडले. तेही मुळात कंपनीचेच, पण ते टिकले.

न्यायालयात गेलेली नावे

१९८६ मध्ये युरोपीय चषक जिंकणाऱ्या बुखारेस्टच्या स्टेआउआचे नाव आपले आहे, असा दावा रोमानियाच्या लष्कराने २०११ मध्ये केला. निकाल लष्कराच्या बाजूने लागल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये या संघाच्या सामन्यात स्कोअरबोर्डवर नावाऐवजी फक्त 'यजमान' असे लिहावे लागले. २०१७ पासून तो एफसीएसबी आहे. लिस्बनचा बेलेनेन्सेस हा १९४६ चा पोर्तुगाल विजेता. तिथे सदस्यांचा क्लब आणि व्यावसायिक कंपनी २०१८ मध्ये वेगळी झाली. नाव व बोधचिन्ह क्लबाकडे राहिले. क्लबाने तळाच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली, तर वरच्या श्रेणीतल्या कंपनीला बी-एसएडी हे नाव घेऊन रिकाम्या गॅलऱ्यांपुढे खेळावे लागले.

दिवाळखोरीत गेलेले नाव परत विकत घेण्याचेही दाखले आहेत. फिओरेन्टिना २००२ मध्ये बुडाल्यावर फ्लोरेन्शिया व्हिओला नावाने चौथ्या श्रेणीत उतरला आणि वर्षभरात त्याने जुने नाव सोडवून घेतले. नापोली सॉकरने २००६ मध्ये तेच केले.

नियम

इंग्लंडमध्ये नामांतराला फुटबॉल असोसिएशनची संमती लागतेच. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने तिला वैधानिक आधार दिला. बोधचिन्ह आणि घरच्या शर्टाचे मुख्य रंग बदलायचे तर पाठीराख्यांचे बहुमत बदलाच्या बाजूने असल्याचे दाखवावे लागते. कार्डिफ सिटीने २०१२ मध्ये निळा सोडून लाल रंग घेतला आणि जानेवारी २०१५ मध्ये तो परत निळा झाला, त्या काळात असे कायदेशीर संरक्षण नव्हते. जर्मनीत बहुतांश क्लबांमध्ये मताधिकाराचा ५० टक्क्यांहून अधिक वाटा सदस्यांकडे असतो, त्यामुळे असा प्रस्ताव आधी सदस्यांपुढेच न्यावा लागतो.